उजव्या कुशीवर

सुदानच्या तहानीचा निबंध शिवलीलाने पहिल्यांदा वाचला तेव्हाच तिच्या मनात आलं, हे या पोरीचं नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर तर खात्रीच पटली. एक तर त्यात चुका फार थोड्या होत्या. दुसरं म्हणजे वाचता वाचता तिच्या स्वतःच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. विद्यार्थ्याचा निबंध तपासताना मास्तरणीला रडू यावं, असं तिच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत कधी झालं नव्हतं. तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय हे उघड होतं.

शिवलीला बिराजदारचा स्वभावच मुळात संशयी. दूधवाला माप ओतून गेला की ती पातेलं खिडकीशी नेऊन उजेडात तिरकं करून बघायची. मेथीची जुडी घेतली तर वरच्या ताज्या पानांवर न जाता मधली काडी ओढून बघायची. नवरा शिवानंद टॉवेल-चादरींचा व्यापार करणारा, गरीब स्वभावाचा माणूस. तो म्हणायचा, हिला कॉलेजात नव्हे, पोलिसात घालायला हवं होतं. त्यावर ती म्हणायची, पोलिसात असते तर पहिली धाड तुमच्याच दुकानावर घातली असती.

शहरातल्या एका खासगी कॉलेजात परदेशी मुलांसाठी वर्षभराचा इंग्रजीचा वर्ग चालायचा, तिथं ती शिकवायची. सुदान, येमेन, इथिओपिया अशा मुलखांतून मुलं यायची. वर्ष पुरं करून प्रमाणपत्र हाती आलं की कुणी फार्मसीला, कुणी कॉम्प्युटरला प्रवेश घ्यायचं आणि त्या प्रवेशावर व्हिसा पुढं वाढायचा. प्रमाणपत्र नाही, तर परत आपल्या देशी. त्या कागदावर पहिली सही शिवलीलाची असायची आणि दुसरी विभागप्रमुख हिंदुराव सरांची.

या वर्गात उभं राहिलं की तिला कधीकधी आपलंच हसू यायचं. ती स्वतः घरात कन्नड, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजीची धास्ती घेत वाढलेली. समोरची मुलं अरबीत नाहीतर आणखी कशात विचार करणारी. म्हणजे इंग्रजी शिकवणारीचीही नव्हती आणि शिकणाऱ्यांचीही नव्हती. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकतानाही बिचकावं, तशी ती सगळी त्या भाषेत बिचकत राहायची. ती त्यांना 'मी बाजारात जाते' हे इंग्रजीत म्हणायला शिकवायची, आणि मुलं खरोखर बाजारात गेली की भाजीवाली मराठीत बोलायची, कपड्याचा दुकानदार तेलुगूत हिशेब करायचा आणि रिक्षावाला दखनी उर्दूत भांडायचा. शिकवलेली भाषा वापरायला त्यांना माणूसच मिळायचा नाही. मग हे आपण कुणासाठी चालवलंय, असं तिच्या मनात येई. पण महिन्याचा पगार त्याच भाषेचा मिळत असल्यामुळे ती हा विचार फार लांबवत नसे.

एक गोष्ट मात्र ती पक्की शिकली होती. चुकीवर विश्वास ठेवायचा. येमेनची मुलं चुकतात तशी इथिओपियाची चुकत नाहीत, आणि तहानी चुकते तशी दुसरी कुणीच चुकत नाही. चूक सापडली की तिला हायसं वाटायचं, कारण ती त्या मुलाच्या स्वतःच्या हातची असायची. बिनचुकीचा कागद बघितला की तिच्या कपाळावर आठी चढायची.

तिला तसं कारणही होतं. मागच्या वर्षी दोन मुलांनी फोनकडून निबंध लिहून घेतले आणि हिने भोळेपणाने दोघांच्या प्रमाणपत्रांवर सह्या ठोकल्या. पुढच्या कॉलेजात ते उघडकीला आलं. संस्थेची बैठक बसली, आणि माळशिरसच्या रांगड्या आवाजात हिंदुराव सर सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, पुढच्या बारीला सही करताना चष्मा घाला." नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. ती कशीबशी टिकली. त्या दिवसापासून शिवलीलाचा मूळचा संशय दुप्पट झाला.

यंदा तिने फोनवर मात करायची युक्ती काढली. प्रत्येकाने सोलापुरातला एक असा लेखक शोधायचा, जो सोलापूरच्या बाहेर कुणाला ठाऊक नाही. त्याला स्वतः भेटायचं, त्याचं लिखाण त्याच्याकडूनच समजून घ्यायचं आणि त्याची ओळख इंग्रजीत लिहायची. फोनला हे काय माहीत असणार? शिवाय शेवटचा एक निबंध, 'माझ्या जवळचं माणूस'. 

युक्ती मुलांना आवडली, आणि लेखकांना तर फारच आवडली. दर दुसऱ्या गल्लीत एक लेखक निघाला. बँकेतून निवृत्त झालेला गझलकार निघाला, लहान मुलांची गाणी लिहिणारी नर्स निघाली, रहस्यकथांचा ढीग रचून बसलेला टर्नर निघाला. या शहरात जन्म काढूनही शिवलीलाला यांतलं कुणी ठाऊक नव्हतं. लेखक मंडळी परदेशी पोरांना भजी खाऊ घालायची आणि समग्र साहित्य पिशवीत भरून द्यायची. बार्शीचे एक कवी तर आपण होऊन एसटीने आले आणि अजून कुणी मुलगा शिल्लक आहे का, म्हणून स्टाफरूममध्ये चौकशी करून गेले. शिवलीलाला त्यातही काहीतरी डाव दिसला. तिने त्यांना पाणी पाजून परत पाठवलं.

तहानीने लेखक निवडला तो गुरुलिंगकाका, तिचाच घरमालक.

गुरुलिंगकाका शिवलीलाच्या आख्ख्या भवानी पेठेला माहीत होते. एसटी स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे कर्ण्यावरून सांगण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे घरात मीठ मागायचं झालं तरी आवाज फलाटावरचाच. स्वतःच्या खर्चाने त्यांनी चार पुस्तकं काढली. ती विकत कुणी घेत नव्हतं म्हणून ते वाटायचे. लग्न असो, वास्तुशांत असो, बारसं असो, बाकीचे पाकीट देत आणि काका पुस्तक देत. पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' आणि खाली वळणदार सही. मग आठवडाभराने दारात उभे राहत, "वाचलं का?" पेठेचं उत्तर ठरलेलं होतं, "व्हय काका, लई भारी." शिवलीलाकडे चारही पुस्तकं होती. एक शोकेसमध्ये, दोन माळ्यावर, आणि एक टीव्हीचा डबा डुगडुगत होता त्याच्या खाली. तीही दरवेळी लई भारीच म्हणायची.

पण गेल्या दिवाळीत एक नवल झालं. गावातल्याच एका दिवाळी अंकात काकांची कथा आली आणि ती लोकांनी खरोखर वाचली. बायका एकमेकींना वाचून दाखवत होत्या. लेखकांच्या मंडळाने काकांना शाल-श्रीफळ दिलं. शिवलीलाच्या कानावर हे आलं तेव्हा तिने मान हलवली होती. गुरुलिंगकाका आणि चांगली कथा, हे दोन्ही एका ठिकाणी असणं तिला शक्य वाटेना.

आणि मुळात काकांनी या पोरीला वरची खोली दिलीच कशी, हाही प्रश्न होताच. परमुलखातली, मुसलमान, एकटी मुलगी. पेठेत कुणी दारात उभं करेना. काकांनी मात्र घरात मांसमच्छी शिजवायची नाही एवढ्या एका अटीवर तिला ठेवून घेतलं. काकू चन्नम्मा तिला 'तानी' म्हणून हाक मारायच्या आणि ज्वारीच्या भाकरीवर शेंगाचटणी घालून वर पाठवायच्या. एवढं प्रेम कशापायी, अशी गल्लीत कुजबूज होती, आणि कुजबुजणाऱ्यांत शिवलीला काही अगदीच मागे नव्हती.

तेव्हा तहानीचा तो 'माझ्या जवळचं माणूस' निबंध हातात घेऊन ती सरळ वाचनालयात गेली आणि दिवाळी अंक काढून काकांची कथा उघडली. कथेचं नाव 'गौरव्वा'. पहिल्या पानावरच तिच्या लक्षात आलं.

कथेतली गौरव्वा भीमेकाठच्या गावातली म्हातारी. संध्याकाळी दारात बसून सगळ्या आळीला आल्याचा चहा पाजणारी. नदीला पूर येतो, घरची माणसं गाव सोडतात, म्हातारी मात्र म्हणते, माझी चूल इथं आहे, मी येत नाही. पुरात ती जाते. तहानीच्या निबंधातली आजी नाईलकाठच्या शहरातली. दारात बसून सगळ्या आळीला सुंठेची कॉफी पाजणारी. तिथं पुराच्या जागी लढाई होती, बाकी तेच. घरची माणसं शहर सोडतात, आजी चूल सोडत नाही. आणि शेवट तर शब्दाला शब्द. शेजारी नदीकाठी झाडाखाली खड्डा घेतात, आजीला हलक्या हाताने खाली उतरवतात, उजव्या कुशीवर निजवतात, तोंड उगवतीकडे करतात, गालाखाली मऊ मातीची उशी देतात. मग एकेक जण मूठमूठ माती घालतो आणि कुणी घाई करत नाही.

कथा दिवाळीत छापलेली आणि निबंध आला संक्रांतीनंतर. आणखी काय पुरावा पाहिजे? पोरीने घरमालकाची कथा त्याच्याच तोंडून ऐकली, पुराची लढाई केली, भीमेची नाईल केली आणि मॅडमच्या डोळ्यांत धूळ फेकली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तिने तहानीला थांबवून घेतलं. तहानी उंच, सावळी, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली, बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघणारी मुलगी होती. शिवलीलाने निबंध पुढे केला आणि हे कुणाचं, म्हणून विचारलं. माझं, असं ती म्हणाली. मग गुरुलिंगकाकांची 'गौरव्वा' म्हणून अंक पुढे केला. हे कुणाचं? तहानी त्या पानावरच्या देवनागरी अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिली. तिला ती वाचता येत नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "तेही माझंच आहे, मॅडम."

शिवलीलाच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉपी करायची ती करायची आणि वर एका म्हाताऱ्या माणसाच्या कथेवर हक्क सांगायचा! तरी तिने स्वतःला आवरलं. कॉपी केली असं एका ओळीत लिहून दे, मी दुसरा विषय देते, इथल्या इथं लिही, असं तिने सुचवलं. तहानीने मान हलवून नाही म्हटलं. आणखी विचारलं तर खाली बघत राहिली. तिच्या गप्प राहण्यात शिवलीलाला मुजोरी दिसली.

त्याच दुपारी तिने हिंदुराव सरांना सांगितलं आणि सरांनी तिथल्या तिथं तहानीने अर्ज केलेल्या फार्मसी कॉलेजला कळवून टाकलं, या मुलीची चौकशी चालू आहे, प्रमाणपत्र तूर्त मिळणार नाही. प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. सर म्हणाले, आता सगळा पुरावा ओळीने मांडून द्या, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

म्हणून सुट्टीच्या दिवशी जेवण आटोपल्यावर शिवलीला लाल पेन घेऊन बसली. एका बाजूला अंक, एका बाजूला निबंध. जुळणारं वाक्य दिसलं की दोन्हीकडे रेघ. काम झरझर चाललं होतं. चहाच्या वाक्याखाली रेघ, चुलीच्या वाक्याखाली रेघ. खड्ड्याच्या वाक्याखाली रेघ ओढली आणि पुढच्या ओळीवर पेन थांबलं.

उजव्या कुशीवर निजवलं.

आधी दोनदा वाचूनही तिला त्यात काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? पुरणं तिच्या घरात नवं नव्हतं. त्यांच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, मातीच देतात. त्यामुळे काकांची गौरव्वा मातीत गेली हे तिने आपलंच समजून वाचलं होतं. पण मातीत ती निजली होती. आणि लिंगायताचा माणूस मातीत निजत नाही, बसतो. तिच्या अप्पांना बसवलं होतं. कपाळाला विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग, मांडी घातलेली. आणि अप्पांची पाठ भिंतीला नीट टेकावी म्हणून खड्ड्यात उतरलेल्या माणसांत गुरुलिंगकाका स्वतः होते. हा माणूस गौरव्वा नावाच्या म्हातारीला कुशीवर कसा निजवेल? त्याच्या हाताला ते वाक्य सुचणारच नाही.

शिवलीलाने पेनाला टोपण लावलं. चोर कोण हे आता तिला कळलं होतं, आणि चोराच्या घरी चालत जायला पाच मिनिटंही लागणार नव्हती.

काका ओट्यावरच बसले होते. तिला बघताच त्यांनी सवयीने पुस्तकांच्या गठ्ठ्याकडे हात नेला. तिने बसायच्या आत विचारलं, "काका, आपल्यात माणूस गेला की निजवत्यात का बसवत्यात?"

"बसवत्यात की. हे काय इचारनं झालं?"

"मग तुमची गौरव्वा उजव्या कुशीवर कशी निजली?"

काकांचा फलाटावरचा आवाज एकदम बसला. आधी त्यांनी लेखकाच्या कल्पनेला मोकळीक असते वगैरे सांगून पाहिलं. त्यात आपलाच जीव नाही हे त्यांनाही कळत होतं. आतून चन्नम्माकाकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "सांगा की आता. किती दिस ती शाल पांघरून बसनार हाय?"

मग काकांनी सांगितलं. दिवसभर वर एकटी बसून कंटाळलेली पोर संध्याकाळी खाली पायऱ्यांवर येऊन बसायची. थोडं इंग्रजी, थोडं सिनेमातलं हिंदी आणि बाकी हातवारे असं करून आजीचं सांगायची. काकूंना भाषा कळत नव्हती तरी काकू रडायच्या. काका लेखक आहेत हे तिला कळलं तेव्हा तिनेच विचारलं, माझ्या आजीचं लिहाल का?

"म्या म्हनलं लिवतो. गाव बदललं, नदी बदलली, लढाई काडून पूर घातला. आपल्या मानसांना समजाय पायजे की. ती म्हनली, सगळं बदला, पर शेवट मी सांगते तसाच लिवा. एक अक्षर हलवू नका. म्हनून न्हाय हलवलं."

"आणि खाली नाव तुमचं घातलं."

"सवयीनं गेलं."

"शालपण सवयीनंच घेतली?"

काकांनी कप ओट्यावर ठेवला. "शाल पैल्यांदाच मिळाली ग, शिवलीला," ते म्हणाले. "लोकांनी खरंखरं वाचलेली माजी तेवडी एकच गोष्ट. तुमी समदी लई भारी म्हनता, ते मला काय कळत न्हाय व्हय?"

शिवलीलाने मन घट्ट करून सांगितलं, उद्या कॉलेजात येऊन हेच सरांसमोर सांगा. काकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हा माणूस शाल सोडणार नाही, आयत्या वेळी ताप आल्याचं कळवेल, असा हिशेब करतच ती घरी आली. सकाळी कॉलेजात पोचली तर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून काका हिंदुराव सरांच्या दाराशी बाकावर आधीच बसलेले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला तहानी होती.

आत गेल्यावर काकांनी सगळं सांगितलं, अगदी गाड्यांची घोषणा करावी तसं, एका दमात. हिंदुराव सरांवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मागच्या वर्षी पोळलेला तो माणूस. ते म्हणाले, "काका, दिवाळीत शाल घेतली तवा गोष्ट तुमची होती. आता भाडेकरीन अडकली, तर गोष्ट तिची झाली. म्या कशावर इस्वास ठिवू?"

तेव्हा शिवलीला पुढे सरसावली. तिने बसवण्याचं आणि निजवण्याचं समजावून सांगितलं. सरांच्या घरात जाळण्याची रीत, त्यांना आधी त्यात फरकच दिसेना. मग ते म्हणाले, सोलापुरात मुसलमान वस्ती काय कमी आहे? काकांनी इथलीच एखादी मयत बघून लिहिलं असेल. या प्रश्नाची तिने वाटच बघितली होती. इथं मयताचं तोंड मावळतीकडे करतात, तिने सांगितलं, कारण मक्का आपल्या पश्चिमेला. हिच्या देशाहून मक्का पूर्वेला आहे. कथेत बघा काय लिहिलंय. उगवतीकडे. सोलापुरात बसून कुणालाही हे सुचायचं नाही, सर. हे हिच्याच घरचं आहे.

सरांनी दोन्ही कागद जवळ ओढले. ती ओळ वाचली आणि खुर्चीत मागे टेकले. त्यांचा चेहरा सैल झालेला शिवलीलाला दिसला आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एका ओळीवरून तिने गुंता सोडवला होता. आता शेवटची गाठ तेवढी मारायची राहिली होती. ती तहानीकडे वळली आणि प्रेमाने इंग्रजीत म्हणाली, "सांग सरांना. तू तिथं होतीस ना? आजीला तसं निजवताना तू डोळ्यांनी पाहिलंस ना?"

तहानीने तिच्याकडे पाहिलं. एवढा वेळ ती बोललीच नव्हती. आताही तिने वाक्य मनात एकदा म्हणून बघितलं असावं. मग वर्गात शिकवली होती तशा छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत ती बोलू लागली.

"नाही, सर. मी नव्हते. मी तेव्हा कैरोत होते. कबरस्तानाच्या रस्त्यावर गोळीबार होता. शेजाऱ्यांनी आजीला आमच्या अंगणातच पुरलं. पाण्याच्या रांजणाजवळ. फार घाईत. मी फोनवर विचारलं, कुठल्या कुशीवर निजवलं? शेजारी म्हणाले, बेटी, आम्हीच जमिनीला चिकटून होतो, ते कुणी बघितलं नाही. आता ते शेजारीही तिथं नाहीत."

मग तिने बाकीचंही सांगितलं. नदी, झाड, मातीची उशी हे सगळं तिने स्वतः ठरवलं होतं. ते कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून तिने काकांना सांगितलं, आणि काकांनी लिहिलं. नंतर इंग्रजी पुरेसं आलं तेव्हा तिने स्वतःही लिहिलं.

काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. हे त्यांनाही आजच कळत होतं. हिंदुराव सरांनी खण उघडला, प्रमाणपत्र काढलं आणि शिवलीलापुढे सरकवलं. तिने सही केली. सरांनी खाली सही केली, शिक्का मारला, आणि फार्मसी कॉलेजला फोन लावून सांगितलं की मुलीचा काही दोष नाही, आज दुपारी येऊन प्रवेश घेईल.

बाहेर आल्यावर काका फाटकाकडे चालू लागले. तहानीने प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात नीट सरकवलं. शिवलीला तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली. माझं चुकलं, मी तुझ्यावर उगाच संशय घेतला, मला माफ कर, असं तिने एकदा इंग्रजीत सांगितलं आणि मग कमी पडलं म्हणून मराठीतही सांगितलं.

तहानीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. प्रमाणपत्राबद्दल तिने आभार मानले. मग म्हणाली, "मॅडम, मी तिला नीट निजवलं होतं. दोन भाषांत निजवलं होतं. आज तुम्ही मला ती पुन्हा अंगणातच आहे असं सांगायला लावलं."

ती जिना उतरून गेली. तासाची घंटा झाली, वर्गातली मुलं दाराशी येऊन बघू लागली, तरी शिवलीला कठडा धरून तिथंच उभी होती.